अल्लाह मालिक आहे, पण पासवर्ड तुझा आहे

"सर, अपने को कौन हॅक करेगा?"

हे वाक्य माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून मी किमान चार वेळा ऐकलं आहे. सौंदडला त्याचं तांदळाचं छोटं दुकान आहे. टाळेबंदीच्या काळात गिऱ्हाईक येईना, तेव्हा त्याने पोराटोरांकडून एक वेबसाईट करून घेतली. एचएमटी, जय श्रीराम, थोडा चिन्नोर. दहा आणि पंचवीस किलोच्या पिशव्या. नागपूर-पुण्याला राहणारी आपल्याकडची माणसं गावचा तांदूळ मागवू लागली आणि त्याचं बरं चाललं. दरवर्षी मी त्याला विचारायचो, "साईट अपडेट करतोस का रे? बॅकअप घेतोस का?" तो हसून हेच वाक्य म्हणायचा आणि वर जोडायचा, "अल्लाह मालिक है."

गेल्या हिवाळ्यात नवं धान निघाल्यावर, ऐन विक्रीच्या दिवसांत, कुणीतरी त्याच्या साईटमध्ये शिरलं. साईट काळी पडली नाही, कवटीचं चित्र आलं नाही, काहीच दिसलं नाही. फक्त 'पैसे पाठवा' या पानावरचा क्यूआर कोड बदलला. चार दिवसांत सहा ऑर्डरी आल्या. लोक पैसे पाठवून व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकत होते. याने रक्कम बघितली, नाव बघितलं नाही. दोघांचा तांदूळ पाठवूनही दिला. पाचव्या दिवशी बँकेचा हिशेब जुळवताना कळलं की खात्यात एक रुपयाही आलेला नाही. एकूण चौदा हजार तीनशे रुपये कुण्या अनोळखी माणसाच्या खात्यात गेले होते.

खरं दुखणं पैशाचं नव्हतं, ते पुढे सुरू झालं. उरलेल्या चार गिऱ्हाइकांना त्याने फोन करून सांगितलं, "तुमचे पैसे मला मिळाले नाहीत." आता तुम्ही स्वतःला त्यांच्या जागी ठेवा. तुम्ही दुकानदाराच्याच साईटवरून पैसे दिले आणि दुकानदार म्हणतो, मिळाले नाहीत. एका म्हाताऱ्या बाबांच्या मुलाने पुण्याहून ऑर्डर दिली होती. ते बाबा दुकानात येऊन शांतपणे एवढंच म्हणाले, "पैसे त गेले ना जी." दुसऱ्या एकाने मात्र इंटरनेटवर दुकानाच्या नावाखाली लिहून टाकलं, 'फ्रॉड'. आणि त्याखाली तिसऱ्याच कुणीतरी, ज्याने कधी मूठभर तांदूळही घेतला नव्हता, लिहिलं की नाव वाचूनच समजायला हवं होतं.

हे शेवटचं वाक्य वाचून माझा विद्यार्थी रात्रभर झोपला नाही. मीही झोपलो नाही.

ज्याने ते लिहिलं त्याच्याबद्दल मी आधी खूप लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन. आज मला आपल्याबद्दल लिहायचं आहे. कारण चोर चोर आहे हे सांगायला लेख लागत नाही. चोराला दार उघडं का मिळालं, हे आपण एकमेकांना विचारत नाही.

'आपल्याला कोण हॅक करणार' या वाक्यात एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, कुणीतरी माणूस खुर्चीवर बसून यादी करतो, त्यात बँका असतात, मंत्रालयं असतात, आणि सौंदडचं तांदळाचं दुकान त्या यादीत येणं शक्य नाही. पण अशी यादी कुणी करत नाही. हे काम यंत्रं करतात. जगातल्या दर पाच साईटपैकी किमान दोन वर्डप्रेस या एकाच फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालतात. तिला जोडायच्या हजारो छोट्या प्रोग्रामना प्लगइन म्हणतात. एखाद्या प्लगइनमध्ये भोक सापडलं की बनवणारा ते बुजवून नवी आवृत्ती काढतो, आणि त्याच वेळी भोक कुठे होतं हे साऱ्या जगाला कळतं. ज्याने अपडेट केलं तो वाचला. ज्याने केलं नाही, त्याचं दार यंत्र शोधून काढतं. ते यंत्र गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत जातं. आत सावकार राहतो की विधवा, हिंदू की मुसलमान, हे ते विचारत नाही. कडी निघाली की आत शिरतं.

आणि लहान दुकान लहान म्हणून सोडलं जात नाही, उलट लहान म्हणूनच उपयोगी पडतं. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या अवाढव्य दुकान-साखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर तिच्या मुख्य दारातून गेले नव्हते. तिच्या दुकानांत थंड यंत्रांचं काम करणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराचा पासवर्ड त्यांनी आधी चोरला आणि त्या वाटेने आत गेले. ठेकेदारही मनात म्हणत असेल, आपल्याला कोण हॅक करणार.

माझ्या विद्यार्थ्याच्या साईटचं काय झालं होतं, ते नागपुरात शिकणाऱ्या एका जाणत्या मुलाने बसून तपासलं. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला माझ्याच शिकवण्याची लाज वाटली. साईटची सजावट, म्हणजे थीम, विकतची होती. ती विकत न घेता कुठून तरी फुकट उतरवून घेतली होती. अशा चोरीच्या थीममध्ये मागचं दार ठेवलेलं असतं, म्हणून तर ती फुकट वाटतात. प्लगइन अडीच वर्षं अपडेट नव्हते. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३. साईटचं डोमेन, होस्टिंगचं खातं, सगळं साईट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर. तो पोरगा कामाला परराज्यात गेलेला, फोन लागत नाही. म्हणजे दुकान याचं, पाटी याची, आणि किल्ली कुण्या तिसऱ्याच्या खिशात, तीही तो खिसा कुठे आहे ते माहीत नाही. बॅकअप नव्हताच.

यात नशिबाचा काय संबंध? चोरीची थीम नशिबाने बसवली का?

आता 'अल्लाह मालिक है' याबद्दल. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असं विचारणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं आणि मग भरवसा ठेवायला. तिरमिजीतली ही हदीस आपल्याकडे प्रत्येक जुम्म्याच्या बयानात कधी ना कधी येते. आपण मान डोलावतो आणि उंट मोकळा सोडून घरी येतो. तवक्कुल हा आळसाला घातलेला झब्बा झाला आहे. दुकानाच्या शटरला दोन कुलपं लावणारा माणूस साईटला एकही लावत नाही, आणि विचारलं की आभाळाकडे बोट दाखवतो.

आणि त्या साईटमध्ये केवळ आपला माल नसतो. त्यात गिऱ्हाइकाचं नाव असतं, पत्ता असतो, फोन नंबर असतो. ती अमानत आहे. आपल्या शेजारच्या बाईने लग्नाला जाताना आपल्याकडे डबा ठेवायला दिला, तर तो आपण उंबऱ्यावर ठेवू का? मग दोनशे गिऱ्हाइकांचे नंबर उंबऱ्यावर का ठेवतो? प्रेषित (स.) नबी होण्याच्या आधीपासून मक्केत 'अमीन' म्हणून ओळखले जात. हिजरतीच्या वेळी, म्हणजे इ.स. ६२२ मध्ये, मक्केतले लोक त्यांच्या जिवावर उठले होते, तरी त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. निघताना त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं, ते ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. इथे पुन्हा सांगण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते अनेकांना आवडणार नाही.

जून २०२२. मे महिन्याच्या अखेरीस टीव्हीवरच्या एका चर्चेत प्रेषितांबद्दल (स.) जे बोललं गेलं त्याने देशभरच्या मुसलमानांना दुखलं. मलाही दुखलं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. त्यानंतर काही दिवसांत मलेशियातल्या 'ड्रॅगनफोर्स' नावाच्या गटाने भारतातल्या साईटवर हल्ले सुरू केले. १४ जूनला ठाणे पोलिसांची साईट उघडली की 'वन हॅट सायबर टीम' असं नाव सांगणाऱ्यांचा मजकूर दिसत होता. जगभरच्या मुसलमानांची माफी मागा, अशी मागणी त्यात होती. त्या लाटेत शाळा, कॉलेजं, शेतीविषयक संस्था, सगळ्यांच्या साईटवर हात टाकला गेला.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर आपली काही पोरं त्या काळ्या पानांचे फोटो एकमेकांना दाखवत होती. टाळ्या देत होती. "सर, देखा क्या?" मी बघितलं होतं. मी त्यांना विचारलं, यातल्या एखाद्या कॉलेजच्या प्राचार्यांनी काय केलं होतं? शेती शिकवणाऱ्या संस्थेने कुणाचा अपमान केला होता? उत्तर आलं नाही. एकजण म्हणाला, "मेसेज तर गेला ना."

कोणता मेसेज? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये असा साफ हुकूम आहे. ज्यांनी जिवावर उठलेल्या शत्रूची ठेवसुद्धा परत केली, त्यांच्या इज्जतीसाठी म्हणून कुणा निरपराध शाळेचं कुलूप फोडायचं? अपमान करणाऱ्याने एक वाक्य बोललं. यांनी त्या नावाने चोराची विद्या वापरली आणि ती पानं देशभर दाखवली गेली. कुणी मला सांगावं की त्या एकाही काळ्या पानामुळे एखाद्या माणसाच्या मनात प्रेषितांबद्दल (स.) आदर वाढला. मला तो माणूस बघायचा आहे.

इथे हमखास एक उत्तर येतं. 'आणि आपल्याशी काय होतं, ते दिसत नाही का?' दिसतं. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावाने मुसलमान बायकांचे फोटो लिलावाला लावल्यासारखे मांडले गेले. पत्रकार, विद्यार्थिनी, वैमानिक, आमच्या मुलींच्या वयाच्या पोरी. तो प्रकार चोरीपेक्षाही नीच होता. पण त्यातून काय शिकायचं? त्या बायकांनी तोंड लपवलं नाही. नाव घेऊन बोलल्या, तक्रारी दिल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांत वेगवेगळ्या राज्यांतून आरोपी पकडून आणले. कायद्याची वाट लांब आहे, थकवणारी आहे, आपल्यासाठी तर कधी कधी फारच लांब आहे, हे मान्य. पण संगणकावर बसून दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारे ज्या कायद्यात सापडतात, त्याच माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ मध्ये दुसऱ्याची साईट फोडणाराही सापडतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे 'मेसेज' नावाची सवलत नाही. टपरीवर टाळ्या देणाऱ्या पोरापैकी एखाद्याने उद्या यूट्यूबवर बघून हौसेने एखादी साईट फोडली, तर मलेशियातला गट त्याच्या अम्मीला वकील देणार नाही.

मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर आणि ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, सीमेपलीकडून पुन्हा हेच झालं. महाराष्ट्र सायबरने सांगितलं की देशातल्या साईटवर पंधरा लाखांवर हल्ले झाले आणि त्यांतले जेमतेम दीडशे यशस्वी ठरले. त्या दीडशेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची साईट होती. विचार करा, देशाशी वैर काढायला निघाले आणि हाताला काय लागलं? लोक ज्या नगरपरिषदेत घरपट्टी भरतात, जन्माचे दाखले काढतात, तिची साईट. कारण उघडं दार तिथे होतं. युद्ध कुणाचंही असो, आधी मोडतं ते साध्या माणसाचं दार.

दुसरं एक उत्तर येतं, थोडं शहाणपणाचं. 'सर, मोठमोठ्या बँका वाचल्या नाहीत, आम्ही काय वाचणार?' पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण देतात. १९०६ सालची बँक. ११ ऑगस्ट २०१८ ला चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत घुसून बनावट कार्डांनी २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी काढले, देशातून आणखी अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. खरं आहे. पण ते चोर त्या बँकेसाठी तयारी करून आले होते. तुमच्या दुकानावर असे चोर येणार नाहीत. तुमच्याकडे येणारं यंत्र आळशी आहे. कडी घट्ट दिसली की पुढच्या दाराकडे जातं. कॉसमॉसला वाचायला जे लागलं असतं ते आपल्या आवाक्यात नाही. माझ्या विद्यार्थ्याला वाचायला महिन्यातला एक तास लागला असता. 'मोठे वाचले नाहीत' हे म्हणजे राजवाड्यात दरोडा पडला म्हणून आपण झोपडीचं दार काढून ठेवण्यासारखं आहे.

तो एक तास कशाचा, ते इथेच सांगतो, म्हणजे 'आम्हाला काय कळतं' ही सबब राहणार नाही. डोमेन आणि होस्टिंगचं खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या फोनवर घ्या. साईट बनवणाऱ्याला काम करण्यापुरती वेगळी किल्ली द्या आणि काम संपलं की काढून घ्या. पासवर्ड लांब ठेवा, दोन ठिकाणी एकच ठेवू नका, आणि पासवर्डनंतर फोनवर दुसरी खूण मागणारी सोय चालू करा. ईमेलला तर ती आधी करा, कारण ईमेल गेला की बाकी सगळं त्याच्या मागे जातं. प्लगइन आणि थीम अपडेट करा. जे वापरत नाही ते नुसतं बंद करू नका, काढून टाका. चोरीची थीम वापरू नका. ती हराम आहे म्हणून नको, आणि मागचं दार आहे म्हणूनही नको. इथे दीन आणि दुनिया एकच गोष्ट सांगतात. दर आठवड्याला बॅकअप घ्या आणि तो साईटच्या बाहेर ठेवा. जुन्या ऑर्डरींमधले पत्ते गरज संपली की पुसा. जे तुमच्याकडे नाही ते चोरीला जात नाही. रोज सकाळी शटर उघडताना स्वतःच्या साईटवरचा क्यूआर स्वतःच्या फोनने स्कॅन करा आणि नाव कुणाचं येतं ते बघा. स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, खात्यात पैसे आल्यावर द्या. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या खुणेवर विसंबू नका. ती फक्त वाटेत कुणी ऐकत नाही एवढंच सांगते, आत कोण बसलं आहे ते सांगत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासात पैसे कधी कधी अडवता येतात, चौथ्या दिवशी क्वचितच.

हे दुकानदारांना. आता मस्जिद कमिट्यांना. रमजानमध्ये जकात आणि फित्र्यासाठी दारावर क्यूआर लावता, काहींनी साईटही काढल्या आहेत. तो कागद रात्री कुणी बदलून गेला तर कुणाला कळेल? कमिटीतला कोण रोज तपासतो? यतीम मुलांच्या नावाने दिलेला पैसा चोराच्या खात्यात गेला, तर हशरच्या दिवशी जाब कुणाला विचारला जाईल, चोराला एकट्याला की चौकीदारालाही?

आणि माझ्यासारख्या शिक्षकांना. आपण मुलांना उर्दूची वळणदार अक्षरं शिकवतो, मराठीचं व्याकरण शिकवतो. बीएडला मला वर्ग कसा सांभाळायचा ते शिकवलं, किल्ली कशी सांभाळायची ते कुणी शिकवलं नाही, आणि मीही कुणाला शिकवलं नाही. ज्या पोराने टपरीवर टाळी दिली तोही माझाच विद्यार्थी, आणि ज्याचं दुकान लुटलं गेलं तोही माझाच. एकाला दुसऱ्याची कडी तोडणं शौर्य वाटलं, दुसऱ्याला आपली कडी लावणं गरजेचं वाटलं नाही. दोघांनाही अमानत म्हणजे काय ते कळलं नव्हतं. परीक्षेत मात्र दोघांनी त्या शब्दाचा अर्थ बरोबर लिहिला होता.

माझ्या विद्यार्थ्याने त्या चारही गिऱ्हाइकांना पदरच्या पैशाने तांदूळ पाठवला. पोलिसांत तक्रार दिली, गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. 'फ्रॉड' लिहिणाऱ्याने आपलं वाक्य काढून टाकलं. तिसऱ्याचं वाक्य अजून तिथेच आहे. साईट पुसून नव्याने केली आहे, किल्ली आता त्याच्याकडे आहे. त्याच्या काउंटरवर एक वही ठेवलेली असते. रोज सकाळी तो क्यूआर स्कॅन करतो, नाव बघतो, वहीत तारीख घालून सही करतो आणि मग बिस्मिल्लाह म्हणून गल्ला उघडतो.

म्हातारे बाबा परवा पुन्हा आले होते. दहा किलो चिन्नोर घेऊन गेले. पैसे रोख दिले. "ते मोबाईलवालं आता नको जी," म्हणाले. माणूस परत आला, पण भरवसा अजून रोखीवरच आहे. तो परत मिळवायला किती हंगाम लागतील, कोण जाणे.